बैठकीतली होडी

आमच्या घरात होडी बांधली असं सांगितलं की ऐकणारा हटकून एकच प्रश्न विचारतो: ती दारातून बाहेर निघाली का? निघाली. दार आधीच मापलं होतं, तेवढी अक्कल आमच्याकडेही आहे. फजिती झाली ती दाराशी नाही, भलतीकडेच झाली. तिची आठवण आली की मला आजही हसू येतं आणि वाईटही वाटतं.

मी तेव्हा मोताळ्याच्या एका शाळेत शिकवत असे. लग्न केलं नाही. राहायला जवळच्याच आमच्या गावात, भावाच्या घरात. म्हणजे गाव त्याला भावाचं घर म्हणतं, मी बापाचं म्हणते. घरात भाऊ, वहिनी आणि मी. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला. धरणाच्या फुगवट्याचं पाणी आमच्या शिवारात शिरलेलं आहे, त्यामुळे आमच्या वावराचे दोन तुकडे झालेले, एक अलीकडचं, एक पलीकडचं. पलीकडचं वावर डोळ्यांना दिसतं, पण जायचं तर धरणाच्या भिंतीवरून भला मोठा वळसा. तरुणपणी भाऊ कपडे डोक्याला बांधून सरळ पोहत जायचा. वय झालं तसा मोटरसायकलीने वळसा घालू लागला आणि दर वेळी निघताना म्हणायचा, "एक डोंगी पाहिजे होती राजेहो." डोंगी म्हणजे लहान होडी. आम्ही कुणी त्याकडे लक्ष द्यायचो नाही. त्याच्या मुलीने मात्र ते लहानपणापासून कानात ठेवलं होतं.

भाऊ गावातला पुढारलेला शेतकरी. हा शब्द माझा नाही, बियाण्याच्या कंपनीच्या माणसांचा. बीटी कापूस आला तेव्हा आमच्या गावात पहिल्यांदा त्याने लावला. पहिली काही वर्षं पीक असं आलं की वेचणाऱ्या बाया पुरत नव्हत्या. कंपनीने आमच्या वावरात मांडव घातला, भावाच्या गळ्यात हार घातला, बांधावर बोर्ड लावला. मग काय, दर मृगाच्या आधी माणसं आमच्या ओट्यावर. "भाऊ, यंदा कोणतं लावू?" भाऊ सांगायचा आणि लोक तेच लावायचे. मी त्याला कृषिमंत्री म्हणत असे. त्याला ते आवडायचं, पण तोंडावर दाखवायचा नाही.

बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा साध्या कापसाच्या बियांची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळीला खायला साधी झाडं राहतात आणि ती बीटीला सरावत नाही, असा त्यामागचा हिशेब. भाऊ म्हणायचा, "अळीसाठी तासं कशाले अडवता?" पिकाची तासं, म्हणजे ओळी, वाया घालवू नयेत हे लोकांनाही पटायचं. पुड्या फेकल्या जायच्या. आसपासच्या गावांतही फेकल्या जायच्या, आणि तिथे माझा भाऊ सांगायला गेला नव्हता. हे मी पुढे त्याला हजारदा सांगितलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

गुलाबी अळीच्या वर्षी बोंडं वरून टणक, हिरवीगार दिसत होती. फोडलं की आत अळी बसलेली. साऱ्या गावाचं तेच झालं. आणि एकाही माणसाने भावाला बोल लावला नाही. ओट्यासमोरून जाताना सगळे पूर्वीसारखे रामराम घालायचे, फक्त थांबायचे नाहीत. मला वाटतं, कुणी येऊन शिव्या घातल्या असत्या तर त्याचं बरं झालं असतं. त्याने बोलणंच टाकलं. "हाव" आणि "नाई", एवढ्यावर दिवस काढू लागला. वावरात जाईना. दिवसभर ओट्याच्या पायरीवर बसून हाताकडे पाहत राही. कर्ज म्हणाल तर आमच्यावर नव्हतं, त्यामुळे बाहेरच्यांना वाटे की यांचं काय एवढं बिघडलं. माणूस फक्त पैशाने खचतो असं समजणारे लोक सुखी असावेत.

आम्हांला भीती कसली होती ते लिहूनच टाकते. त्या वर्षी आसपासच्या गावांतून ज्या बातम्या येत होत्या, त्यांतली एक आमच्या घरची होईल, याची भीती होती. वहिनीने फवारणीची औषधं भावाच्या दोस्ताच्या घरी नेऊन ठेवली. हा दोस्त म्हणजे आमच्या गल्लीतला पिंजारी, भावाचा शाळासोबती. गाद्या-रजया भरण्याचा घरचा धंदा, जोडीला थोडं वावर. त्या वावरात त्यानेही भावाच्याच सांगण्यावरून पेरलं होतं आणि सगळ्यांसारखाच तोही बुडाला होता. तरी रोज संध्याकाळी येऊन भावाशेजारी बसायचा. आम्ही तिघांनी पाळ्या लावून घेतल्या, भाऊ एकटा म्हणून राहू द्यायचा नाही. विहिरीकडे निघाला तरी वहिनी घागर उचलून मागे. बिचारीला एवढं पाणी लागत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर पुण्याहून भलं मोठं चपटं खोकं आलं. मोताळ्यापर्यंत ट्रान्सपोर्टने आणि तिथून मालाच्या ऑटोत. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं पलंग आहे, कुणी म्हणालं पोरीच्या लग्नाचं कपाट आताच आलं. उघडलं तर आत प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या, प्रत्येकीवर नंबर, तांब्याच्या तारेची गुंडाळी, काचेच्या धाग्यांच्या पट्ट्या, चिकटवायच्या राळेच्या दोन मोठ्या बाटल्या आणि चित्रांचं एक पुस्तक. पोरीने फोनवर सांगितलं की ही घरी जोडायची होडी आहे, बाबाला द्या, बाबा जोडेल.

वहिनीने एक फळी उचलून वाजवून पाहिली. "याची होडी? याचा तं धड पोळपाट होणार नाई," ती म्हणाली.

बाबाने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोकं बैठकीत पडून राहिलं. बैठकीत तशी जागाच नव्हती, अर्ध्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. किडका, पिवळा पडलेला तो कवडीचा माल व्यापारी हातात धरायला तयार नव्हता, म्हणून घरातच साठला होता. शेवटी मी, वहिनी आणि दोस्त, आम्हीच फळ्या मांडायला बसलो. पुस्तक इंग्रजीत, ते माझ्याकडे. पोरगी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. "आत्या, तीन नंबरची डावीकडे." इथे आमची डावी-उजवी होईपर्यंत तिचा फोन कट. आम्ही फळी लावली, काढली, पुन्हा लावली. भाऊ पायरीवरून पाहत होता. दोस्ताने एक फळी धरली आणि तार ओवायला लागला, तेव्हा मागून आवाज आला, "उलटी हाये ते."

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून तीन शब्द सलग आले नव्हते. दोस्त आजही शपथेवर सांगतो की फळी मुद्दाम उलटी धरली होती. माझा विश्वास नाही, त्याला ती सुलटी धरताच आली नसती.

भाऊ उठला, येऊन बसला, आणि होडीचं काम सुरू झालं. त्या होडीची गंमत अशी की ती आधी शिवायची असते. दोन फळ्यांच्या कडांना भोकं असतात, त्यांतून तांब्याची तार घालून पीळ द्यायचा. सगळ्या फळ्या अशा टाचल्या की सपाट लाकूड आपोआप वाकतं आणि होडीचा आकार उभा राहतो. मग आतून सांध्यांत राळ भरून वर काचेची पट्टी चिकटवायची आणि राळ सुकली की तारा काढून टाकायच्या. वहिनीच्या मशीनवर गावातली निम्मी पोलकी शिवली गेलेली, आणि दोस्ताची तर हयात गाद्यांना टाके घालण्यात गेली. दोघांत चढाओढच लागली.

"भाभी, तुमचा टाका ढिला हाये," दोस्त म्हणायचा.

"तुमच्या गादीसारखा तं नाई," वहिनी म्हणायची. "मागच्या वर्षी भरली अन् एका हिवाळ्यात गोळे झाले."

भाऊ मधे पडायचा नाही, पण त्याच्या ओठाचा एक कोपरा हलायचा. आम्ही दोघी त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून असायचो. हळूहळू तो मागायला लागला. पक्कड दे. इकडं धर. हे पान वाचून दाखव. मी वाचायची, तो पुन्हा वाचायला लावायचा. पुढारलेला शेतकरी कुठेतरी आत अजून होता, कारण मी अर्थ सांगितला की तो म्हणायचा, "असं नसन, नीट पाह्य," आणि त्याचंच खरं निघायचं.

एकदा दुपारी तो कड घासत होता आणि मी शेजारी पेपर तपासत बसले होते. मान वर न करता त्याने विचारलं, "आज तुही पाळी हाये का?"

आम्हांला वाटत होतं की आम्ही मोठ्या शिताफीने पहारा करतोय, आणि ज्याच्यावर पहारा त्यालाच सगळं वेळापत्रक पाठ. "हाव," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि घासत राहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माणसाला आपल्याच घरात असं राखणीला ठेवणं चांगलं नाही. पण पहारा काढायची आमची हिंमत नव्हती.

फाल्गुन लागायच्या सुमाराला होडी शिवून उभी राहिली. लाकूड फिकट, कोरडं, घासून मऊ केलेलं. आता राळ भरायची. त्यासाठी घासायचा कागद कमी पडला, म्हणून बाजाराच्या दिवशी भाऊ दोस्तासोबत मोताळ्याला गेला. तो गावाबाहेर पडला याचाच आम्हांला एवढा आनंद झाला की मी शाळेत पोरांना वेळेआधी सोडलं. घरी वहिनी एकटीच होती, आणि तिलाही आनंदाच्या भरात काहीतरी करावंसं वाटलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात लाकूड कधी कोरडं ठेवत नाहीत. तिफण असो, वखर असो, डवरा असो, नवं अवजार आलं की त्याला पहिलं जवसाचं तेल. माझे वडील म्हणायचे, लाकूड तहानलेलं ठेवलं की उन्हाळ्यात तडकतं. वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच पोळ्याला त्यांनी तिच्या हातात तेलाची वाटी दिली होती, आणि तेव्हापासून ते काम तिचं. नव्या जवसाचं घाण्यावरचं तेल नुकतंच घरात आलं होतं. तिने बैठकीतल्या ढिगातला कापसाचा बोळा घेतला आणि अख्खी होडी आतून-बाहेरून तेलाने माखली. तेल जिरलं, मग पुन्हा एकदा माखली. कुणाला सांगितलं नाही. केलेलं काम बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही, आणि या कामात तर तिचा सगळा जीव ओतलेला होता.

संध्याकाळी भाऊ आला. "बरा रंग चढला लाकडाले," म्हणाला. वहिनी चुलीपाशी बसून गालात हसली. आम्ही उघडून पाहिलेल्या त्या बाटल्यांचा वास घरात एवढा भरलेला की जवसाचा वास कुणाला येणार?

दुसऱ्या दिवसापासून त्याने राळ कालवली. बाटल्यांमधली दोन औषधं मापात मिसळायची, मापात चूक झाली की राळ बसत नाही, असं पुस्तकात बजावून लिहिलेलं. भाऊ दर वेळी माप मला दाखवायचा. सांधे भरले, पट्ट्या बसवल्या. कापसाचे तंतू उडून ओल्या राळेला चिकटायचे, त्यामुळे होडीच्या पोटात पाडसासारखी लव आली. आम्ही त्यालाही हसलो. सुकल्यावर तारा काढल्या. आणि दोस्ताने सहज एका पट्टीचं टोक ओढून पाहिलं तर अख्खी पट्टी दुधावरची साय निघावी तशी हातात आली. दुसरी ओढली, तीही आली. मग सांधा उकलला आणि त्यातून पलीकडची फरशी दिसू लागली.

भावाने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले.

"माह्या हातचं काहीच बसत नाई," तो म्हणाला, आणि जाऊन पायरीवर बसला.

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. तो आधीपेक्षा वाईट झाला. जेवणाचं ताट तसंच परत येई. दोस्त येऊन बसला की उठून आत जाई. आगीतून फुफाट्यात पडलो, असं मला झालं. होडी आणलीच नसती तर निदान होता तसा तरी राहिला असता. मी चिडून पोरीला फोन केला आणि तिला नाही नाही ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आत्या, लाकडाला काही लागलं होतं का? मेण, तेल असं काही? तेलावर ती राळ अजिबात धरत नाही."

मी वहिनीकडे वळून तेच विचारलं. तिचा चेहरा पाहिला आणि मला उत्तर मिळालं.

मी आणि दोस्त एकमताने म्हणालो की सांगू नका. पोरगी नव्या बाटल्या पाठवेल, आपण म्हणू आधीचं औषधच खराब होतं. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, "अन् त्यायले जे वाटून राह्यलं, का आपल्या हातानं सारं बिघडते, त्याचं काय?"

"ते आपोआप जाईल," मी म्हणाले.

"आजवर काय गेलं आपोआप?" तिने विचारलं. तेलाची वाटी उचलली आणि सरळ ओट्यावर गेली. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो.

"अहो, ऐकता का," ती म्हणाली. "तुमच्या हातून नाई बिघडलं. मी बिघडवलं. तुम्ही बाजारात गेले तवा मी तिले तेल लावलं. दोनदा."

भावाने मान वर केली. वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे पाहिलं.

"तेल?" तो म्हणाला. "होडीले तेल?"

आणि मग तो उठला. माझ्या भावाचा आवाज मूळचा मोठा. एका वावरातून दुसऱ्या वावरात बोलायची सवय. तो आवाज महिनोन्महिने दाबलेला होता, तो एकदम सुटला. "अक्कल गहाण ठेवली का? ते का तिफण हाये? तिले का बैल जुपाचे हायेत? पोरीनं एवढ्या दुरून पाठवली, मी डोळे फोडून सांधे भरले, अन् यायनं तेल चोपडून ठेवलं. वरून तोंडातून ब्र नाई. मी आपला इथी बसून विचार करून राह्यलो का माप चुकलं, का मीच फुटक्या नशिबाचा हाये, अन् हे आपली चुलीपाशी हासून राह्यली." तो बोलतच होता. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. कोपऱ्यावरचे लोक पानटपरी सोडून आले. वहिनी मान खाली घालून उभी, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि ओठांवर हसू.

"हासून काऊन राह्यली?" तो ओरडला.

"तुम्ही बोलून राह्यले," ती म्हणाली.

तो थांबला. मग मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

दोस्त दाराआडून बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बसला. "एक गोष्ट सांगू का बे?" तो म्हणाला. "यंदा माह्या वावरात पेरलं कोणं? तू आला होता का पेराले? पुडी फेकली ते माह्या हातानं फेकली. तुले विचारलं होतं, खरं हाये. पण हात माहे होते. तू यकटाच काऊन सारं डोक्यावर घेऊन बसला?"

भाऊ या वेळी उठून आत गेला नाही. गल्लीतली जी माणसं ओरडा ऐकून आली होती, ती निघून जाण्याऐवजी तिथेच रेंगाळली. त्यांना बहुधा फार दिवसांपासून थांबायचं होतं, निमित्त मिळत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "चाल भाऊ, पाहू तं तुही तेलकट डोंगी." सगळे बैठकीत शिरले, कापसाच्या ढिगावर टेकले आणि हसायला लागले. एकजण म्हणाला, "आता आमच्या तिफणीले राळ लावतो, म्हणजे फिट्टमफाट."

लाकडावरचं तेल काढायचं म्हणजे वरचा थर खरवडायचा. फुटक्या काचेच्या तुकड्याने लाकूड छान खरवडलं जातं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. रोज संध्याकाळी माणसं काचा घेऊन यायची आणि खरवडत बसायची. खरवडता खरवडता शेवटी तो विषय निघालाच. एका म्हाताऱ्याने काच खाली ठेवली आणि भावाला तोंडावर म्हटलं, "त्या पुड्या फेका म्हणून तं तूच सांगितलं होतं बे."

खोलीत सगळ्यांचे हात थांबले. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली.

"हाव," भाऊ म्हणाला. "मीच सांगितलं होतं. चुकलं माहं."

"चुकलं तं चुकलं," म्हातारा म्हणाला. "मले तरी कुठी समजलं होतं? ते काच दे इकडं, माही बोथट झाली."

बस, एवढंच. ज्याच्या भीतीने सारं गाव ओट्यासमोर थांबत नव्हतं, ते इतकं लहान होतं. मला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले. आधी का नाही बोललास रे बाबा, असं म्हणून त्याला दोन शब्द सुनवावेसेही वाटले. मी दोन्ही केलं नाही, त्याच्या कपात जास्तीचा चहा ओतला.

नव्या बाटल्या आल्या. राळ बसली आणि पट्ट्या अशा धरल्या की दोस्ताने पाय लावून ओढूनही निघाल्या नाहीत. पाडव्याच्या आधी होडी तयार झाली. दारातून आडवी करून काढली, बैलगाडीत खाली कापसाची पोती अंथरून त्यांवर ठेवली आणि पाण्याकडे नेली. उन्हाळ्याने पाणी मागे सरकलेलं, काठावर चिखल. वहिनीने होडीच्या टोकाला हळद-कुंकू लावलं. मागून कुणीतरी म्हणालं, "तेल तेवढं लावू नका." सगळे हसले, वहिनीही हसली.

होडी पाण्यात ढकलली. तरंगली. एका सांध्याला थोडा घाम आल्यासारखा झाला, पण पाणी आलं नाही. दोस्ताने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि एक पाय आत टाकला. आमचं तसं आधीच ठरलं होतं की भावासोबत तो जाईल.

"तू उतर," भाऊ म्हणाला. "मी यकटा जातो. पलीकडचं वावर पाहून येतो."

दोस्त एक पाय होडीत, एक पाय चिखलात, असा उभा राहिला आणि वहिनीकडे पाहू लागला. मीही तिच्याकडे पाहिलं. पलीकडच्या वावरात तो अळी निघाल्यापासून गेला नव्हता. तिथे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. मधे खोल पाणी, पलीकडे चिटपाखरू नाही, आणि एकदा तो त्या काठावर उतरला की हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. आम्ही एवढे महिने ज्या गोष्टीपासून त्याला राखलं, नेमकी तीच तो मागत होता. नको म्हणावं असं मला फार वाटत होतं. तो स्वतः कुणाकडेच पाहत नव्हता, वल्ह्याच्या दांड्यावर हात ठेवून वाट पाहत होता.

वहिनीने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. "उतरा भाई," ती दोस्ताला म्हणाली. मग भावाला विचारलं, "जेवाले येता न?"

"हाव," तो म्हणाला.

दोस्त उतरला आणि त्याने होडीला ढकललं. वल्ही मारणाऱ्याची पाठ जायच्या दिशेकडे असते आणि तोंड मागे, हे मला तेव्हाच समजलं. त्यामुळे भाऊ आमच्यापासून दूर जात होता आणि आमच्याकडेच पाहत होता. होडी आधी गोल फिरली, मग सरळ झाली. आम्ही काठावर खांबासारखे उभे.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "चाला बाई घरी."

"आताच?" मी म्हणाले. "पलीकडं लागू तर द्या."

"ते आपल्याकडं पाहून राह्यले," ती म्हणाली. "आपण अशा उभ्या राह्यलो तं त्यायले काय वाटन? घरून पाहारा आला, पाण्यावरही पाहारा आला." आणि ती वळली. पाण्याकडे पाठ करून चालू लागली. मी वाटेत दोनतीनदा मागे पाहिलं. तिने नाही पाहिलं. तिच्या हाताची मूठ मात्र घर येईपर्यंत सुटली नव्हती.

घरी आल्यावर तिने भाकरी टाकल्या, भाजी झाकून ठेवली. बैठकीत आता मधोमध मोकळी फरशी दिसत होती. ती जरा टेकते म्हणाली आणि त्या फरशीवरच, उशीही न घेता, आडवी झाली. मी पाणी घेऊन आले तोवर तिला झोप लागलेली. मी ओट्यावर बसून राहिले. एकदा उठून काठाकडे निघालेसुद्धा, पण कोपऱ्यावरून परत फिरले.

ऊन कलल्यावर भाऊ आला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, तळहातांना फोड आलेले. "पऱ्हाट्या उपटाव्या लागतीन," म्हणाला, "उद्यापासून लागतो." मला एवढं हलकं वाटलं की वहिनीला उठवून सांगायला मी धावतच आत वळले.

त्याने माझा दंड धरला. दारातून तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि आपल्या त्या मोठ्या आवाजाला जमेल तेवढं हळू बोलला, "झोपू दे तिले. लय दिवसाची जागी हाये."